होयाला पाणी कधी आणि किती? बारा महिन्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

होया हा लोंबता वेल. पानं जाड, चकचकीत. वेल जुना झाला की उन्हाळ्याच्या तोंडाशी त्याला झुपक्याने फुलं येतात, मेणातून कोरलेल्या चांदण्यांसारखी. आता शहरांतल्या बहुतेक नर्सऱ्यांमध्ये तो मिळतो आणि घराघरांत टांगलेला दिसतो. त्याच्याबद्दल मला जे विचारलं जातं ते जवळजवळ सगळं पाण्याबद्दलच असतं. खाली लिहिलेलं सगळं पुण्यात, चौथ्या मजल्यावरच्या पूर्वेकडच्या बाल्कनीत बारा वर्षं होया सांभाळताना हाताखालून गेलेलं आहे. तुमचं गाव वेगळं असेल तर दिवसांचा हिशोब बदलेल, पण तपासायची रीत तीच राहील.

आठवड्यातून किती वेळा पाणी द्यायचं?

याला आकडा नाही. कुणी सांगितला तरी तो पाळू नका. "दर रविवारी पाणी" हा नियम मे महिन्यात अपुरा पडतो आणि जुलैमध्ये त्याच नियमाने वेल मरतो. पाणी वार बघून नाही, कुंडीचं वजन बघून द्यायचं.

भरपूर पाणी घाला, पूर्ण निथळू द्या आणि कुंडी एकदा हातात तोलून बघा. चार दिवसांनी पुन्हा तोला, मग आणखी दोन दिवसांनी. माझी एक 6 इंची प्लॅस्टिकची कुंडी मी स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवून पाहिली होती. पाणी निथळल्यावर 1 किलो 150 ग्रॅम भरली आणि पाणी द्यायची वेळ झाली तेव्हा 640 ग्रॅम. जवळजवळ निम्मं वजन पाण्याचंच होतं. एवढा फरक हाताला आपोआप कळतो. एका महिन्यात सवय होते, मग काटा लागत नाही.

दुसरी खूण पानाची. खालचं एखादं जुनं पान दोन बोटांत धरा आणि पोळीची घडी घालतो तसं हलकेच वाकवून बघा. ताठ राहिलं, जोर लावला तर मोडेल असं वाटलं, तर पानात पाणी भरलेलं आहे. आज काही देऊ नका. मऊपणे वाकलं तर द्या. कोवळ्या पानावर ही परीक्षा करू नका, ते नेहमीच लवचीक असतं.

तिसरी खूण सगळ्यात सोपी. जळून गेलेल्या उदबत्तीची काडी कुंडीत तळापर्यंत खुपसा, दहा मिनिटांनी काढा. काडी ओलसर गडद झाली असेल, तिला कुंडीतल्या माती-मिश्रणाचे कण चिकटले असतील, तर थांबा. वरची माती कोरडी दिसते म्हणून लोक पाणी घालतात, आणि तळाला चिखल असतो. हीच चूक सगळ्यात जास्त होते.

पानं इतकी हिरवीगार असूनही त्याला पाणी इतकं कमी कसं पुरतं?

कारण तो जमिनीतला वेल नाही. रानात बहुतेक होया झाडांच्या फांद्यांवर वाढतात. मुळं सालीच्या भेगांत, शेवाळात धरलेली असतात. पाऊस आला की मुळं चिंब होतात आणि तासाभरात वाऱ्याने सुकतात. पुन्हा पाऊस येईपर्यंत जे काही प्यायचं ते पानांतल्या साठ्यातून. जाड पान म्हणजे त्याची घागर आहे.

आणखी एक गोष्ट आहे. बहुतेक झाडं दिवसा पानांची रंध्रं उघडून हवा घेतात, आणि त्यातून पाणी उडून जातं. आपल्याकडे घरोघरी असतो तो होया कार्नोसा निवडुंगासारखा किंवा अननसासारखा वागतो. दिवसा रंध्रं मिटून घेतो आणि रात्री, हवा गार झाल्यावर उघडतो. म्हणून शेजारच्या जास्वंदीला रोज पाणी लागत असताना हा मजेत असतो.

होया कार्नोसा मूळचा पूर्व आशियातला, दक्षिण चीन आणि तैवानकडचा. होया हे नाव थॉमस हॉय या इंग्लिश माळ्याचं. नॉर्थम्बरलंडच्या ड्यूकच्या सायन हाउस इथल्या बागेचं काम तो बघायचा. वनस्पतिशास्त्रज्ञ रॉबर्ट ब्राउनने 1810 साली त्याच्या नावावरून या वेलांच्या गटाला हे नाव दिलं. मालकाचं नाव न देता माळ्याचं दिलं, याचं मला फार बरं वाटतं. पण होया आपल्याला अगदीच परका नाही. होया वाइटी आणि होया रेटुसा या जाती सह्याद्रीत रानात उगवतात. त्यातल्या होया रेटुसाचं नाव मुंबई इलाख्यात नोकरीला असलेल्या निकोल डॅल्झेल यांनी दिलेलं. आपली रुईही याच कुटुंबातली. होयाचं पान तोडलं की पांढरा चीक येतो आणि फूल पाच पाकळ्यांचं असून मध्ये उठावदार मुकुट असतो, हे बघितलं की नातं लगेच पटतं.

पाणी थोडं थोडं रोज द्यावं, की एकदम भरपूर?

एकदम भरपूर, आणि मग बरेच दिवस काही नाही. रोज वाटीभर पाणी घातलं तर ते वरच्या दोन इंचांतच मुरतं, खालची मुळं सुकतात आणि वरची सतत ओली राहतात.

टांगलेली कुंडी जागेवरच भरायला जाऊ नका. उतरवून बाथरूममध्ये किंवा सिंकमध्ये न्या, झारीने सगळीकडून हळूहळू पाणी घाला, तळाच्या भोकांतून धार लागू द्या. पाच मिनिटं थांबा, पुन्हा एकदा घाला. कारण नारळाची सोडणं किंवा कोकोपीट फार वाळलं असेल तर पहिलं पाणी ते शोषतच नाही, कडेने तसंच निघून जातं. ठिबकणं पूर्ण थांबलं की परत टांगा. खालच्या मजल्यावरच्या काकूंच्या वाळत घातलेल्या कपड्यांवर लाल पाणी ठिबकत नाही, हा आणखी एक फायदा.

काही लोंबत्या कुंड्यांना खाली ताटली कायमची जोडलेली असते. ती निघत असेल तर काढून टाका. निघत नसेल तर पाणी घालून अर्ध्या तासाने कुंडी तिरकी करून ताटलीतलं पाणी ओता. पावसाळ्यात अशा ताटल्यांत डासांच्या अळ्याही होतात.

फार वाळलेल्या कुंडीला वीस मिनिटं बादलीतल्या पाण्यात निम्मी बुडवून ठेवणंही चालतं. रात्रभर नको.

उन्हाळ्यात रोज द्यावं लागतं का?

नाही. अगदी एप्रिल-मेमध्येही नाही. पुण्यात पारा 40 अंशांवर गेला तरी माझ्या कुंड्यांना चार ते सहा दिवसांनी पाणी लागतं. मातीची, 4 इंची लहान कुंडी असेल तर तीन दिवसांनी. मुंबईत आणि कोकणात हवा दमट असल्याने आणखी एखाद-दोन दिवस जास्त जातात.

वेळ महत्त्वाची. गच्चीवरच्या टाकीचं पाणी दुपारी बाराला नळातून चटका बसेल इतकं तापलेलं येतं. ते कुंडीत घातलं तर मुळं पोळतात. सकाळी सातच्या आत द्या, नाहीतर आदल्या रात्री बादली भरून ठेवा आणि तेच वापरा. फ्रिजमधलं पाणी किंवा बर्फाचे खडेही नकोत. गार पाण्याचा झटका त्याला सोसत नाही, कळ्या असतील तर त्या टाकून देतो.

बाल्कनीत सगळ्यात उंच टांगलेली कुंडी आधी सुकते, कारण छताजवळ गरम हवा साचते. आमच्याकडे एकाच वेलापासून केलेली दोन रोपं आहेत. एक छताच्या कडीला, एक ग्रिलच्या खालच्या दांड्याला. मेमध्ये दोघांच्या पाण्यात दोन दिवसांचं अंतर पडतं.

दुपारचं थेट ऊन लागत असेल तर पाणी वाढवून उपयोग नाही. पानं पिवळट, लालसर होतील. जागा बदला किंवा हिरवी शेडनेट लावा.

नागपूरला 45 अंश असतं. कूलरजवळ ठेवू का?

कूलरच्या खोलीत ठेवा, पण त्याच्या झोतात नको. झोत कुंडी भराभर सुकवतो आणि पानं मात्र दमट ठेवतो, म्हणून पाण्याचा अंदाज चुकतो. खोलीच्या दुसऱ्या टोकाला, खिडकीच्या उजेडात ठेवला तर कूलरची आर्द्रता त्याला मानवते. अशा दिवसांत वजन रोज बघा. पाणी रोज द्यावं लागेलच असं नाही.

पावसाळ्यात बाहेर पावसात टांगू का? पावसाचं पाणी तर चांगलं असतं ना?

पाणी चांगलंच असतं. चार महिन्यांची ओल चांगली नसते. या एका प्रश्नासाठी मी हे सगळं लिहायला बसलो असं म्हटलं तरी चालेल. आपल्याकडे होया उन्हाळ्यात तहानेने क्वचितच मरतात, आषाढ-श्रावणात सडून मरतात.

माझा पहिला होया असाच गेला. विकत आणला तेव्हा "रोज थोडं थोडं पाणी घाला" असं सांगितलेलं. मी तसंच केलं, आणि जूनमध्ये मोठ्या हौसेने तो ग्रिलच्या बाहेर टांगला. जुलैभर तो इतका तजेलदार दिसत होता की येणाऱ्या-जाणाऱ्याला मी दाखवायचो. ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात पानं पिवळी पडायला लागली. मला वाटलं खत कमी पडतंय, म्हणून गांडूळ खत घातलं. पंधरा दिवसांनी वेल ओढून बघितला तर तो अलगद हातात आला. मुळं ओल्या सुतासारखी झाली होती. चिमटीत धरली की वरचं आवरण निसटून बोटाला चिकटायचं आणि मध्ये केसाएवढी शीर उरायची. नाल्यासारखा वास. तो वास मला आजही ओळखता येतो, आणि दुसऱ्याच्या कुंडीजवळ आला तर मी न विचारता सांगतो.

कारण साधं आहे. पावसाळ्यात हवेत आधीच इतकी वाफ असते की कुंडीतलं पाणी उडत नाही. ढगांमुळे उजेड कमी, म्हणून वेल पाणी पीत नाही. वर रोज नवं पाणी पडतं. मुळांना पाण्याइतकीच हवाही लागते, आणि भिजून गच्च झालेल्या कुंडीत हवेला जागाच राहत नाही. मग सह्याद्रीतले होया मुसळधार पावसात कसे जगतात? तिथे मुळं सालीवर असतात. कितीही पाऊस पडला तरी पाणी थांबत नाही, वाहून जातं. कुंडीत ते थांबतं.

म्हणून असं करा. वळवाच्या पहिल्या एक-दोन सरींत जरूर भिजवा, उन्हाळाभराची धूळ धुऊन निघते आणि पानं लखलखतात. मग पागोळीच्या आत घ्या, जिथे उजेड येतो आणि झड येत नाही. दोन कुंड्यांमध्ये हातभर अंतर ठेवा, वारा खेळला पाहिजे. जून ते सप्टेंबर मी सरासरी पंधरा दिवसांनी पाणी देतो, आणि सलग झड लागली तर तीन आठवडेही देत नाही. जिथे हवा कायम चिंब असते तिथे याहूनही कमी लागेल. पानाची घडी घालून बघा आणि तिच्यावरच विश्वास ठेवा. पावसाळ्यात शंका आली तर पाणी देऊ नका, इतकं लक्षात ठेवलं तरी पुरे.

भिजलेली कुंडी आत आणली आणि आठ दिवसांत हलकी झाली नाही, तर पंख्याखाली ठेवा. मी ठेवतो, रात्रभर, दोन नंबरवर.

कुंडीभोवती बारीक काळी चिलटं उडतात. औषध मारू का?

आधी पाणी थांबवा. ही चिलटं सतत ओल्या मिश्रणात अंडी घालतात. वरचा दोन इंचांचा थर पूर्ण वाळू दिला की पुढची पिढी जगत नाही. तांदळाचं, डाळीचं धुवण घालत असाल तर तेही बंद करा.

गणपती झाले, आता पाणी वाढवायचं का?

ऑक्टोबरचं ऊन तापायला लागलं की हो. हे दिवस लोकांच्या लक्षात येत नाहीत. पाऊस संपतो, आभाळ मोकळं होतं, वेल जोमाने नवे शेंडे टाकतो आणि आपण मात्र पावसाळ्याच्याच सवयीने हात आखडलेला असतो. दर आठ दिवसांनी वजन बघा. दिवाळीच्या साफसफाईत कुंड्या हलवल्या असतील तर मूळ जागी, त्याच दिशेने परत टांगा.

थंडीत पाणी बंदच करावं का?

बंद नाही, कमी. डिसेंबर-जानेवारीत पुण्यात रात्री पारा 10 अंशांच्या आसपास येतो. निफाडकडे तर 5-6 अंशांपर्यंत उतरतो. अशा गारठ्यात वेल जवळजवळ झोपलेला असतो. दहा ते चौदा दिवसांनी एकदा, सकाळी दहाच्या सुमारास, ऊन आल्यावर पाणी द्या. संध्याकाळी दिलेलं पाणी रात्रभर गार चिखल होऊन मुळांशी बसतं. पारा 10 अंशांच्या खाली जात असेल तर रात्री कुंडी आत घ्या.

मुंबईत थंडी अशी नसतेच. तिथे हवा कोरडी होते तेवढीच, म्हणून आठ-दहा दिवसांचं अंतर पुरतं.

ही थोडी कोरडी विश्रांती टाळू नका. ज्या वर्षी मी थंडीतही नेमाने पाणी देत राहिलो, त्या वर्षी पानं भरपूर आली आणि फुलांचे झुपके दोनच. पुढच्या वर्षी पाणी आखडलं तर त्याच वेलाला अकरा आले. पाणी हे एकच कारण असेल असं नाही, वेलही वर्षाने मोठा झाला होता. पण तेव्हापासून मी जानेवारीत हात राखूनच असतो.

कळ्या येतात आणि वाटाण्याएवढ्या होण्याआधीच गळतात. पाणी कमी पडतंय का?

बहुधा हो, किंवा एकदम कमी-जास्त होतंय. एरवी होया तुम्हाला चार दिवस माफ करतो, कळ्या असताना करत नाही. फेब्रुवारीच्या शेवटी देठांच्या टोकांवर मोहरीएवढे दाणे दिसायला लागले की थंडीचा हिशोब सोडून द्या. कुंडी पूर्ण वाळेपर्यंत थांबू नका, पान थोडं मऊ व्हायच्या आतच पाणी द्या. आणि कुंडी हलवू नका. उजेडाची दिशा बदलली तरी कळ्या गळतात, म्हणून या दिवसांत मी कुंडी पाण्यासाठी उतरवतही नाही. खाली परात धरून जागेवरच पाणी घालतो.

एक फार महत्त्वाचं. फुलं वाळून गळाली की मागे एक बोटभर, गाठीगाठींचा देठ राहतो. तो वाळका समजून कापू नका. पुढच्या वर्षीची फुलं त्याच देठाच्या टोकाला येतात. माझ्या सगळ्यात जुन्या वेलावर एक देठ सात वर्षांचा आहे. दर वर्षी फुलं गेली की त्यावर एक बारीक वळं वाढतं.

फुलं उघडली की संध्याकाळनंतर जवळ जाऊन बघा. गुलाबीसर पाकळीवर बारीक मखमल असते, मध्ये लालसर चांदणी, आणि तिच्या खाचेत मधाचा तपकिरी थेंब. दिवेलागणीनंतर वास वाढत जातो. मध टपकून फरशी चिकट होते, मुंग्या येतात. हे दुखणं नाही. त्यावर पाणी मात्र फवारू नका, फुलं लवकर काळवंडतात.

पानं सुरकुतली आहेत. तहान लागली आहे की मुळं सडली आहेत?

कुंडी उचला. हलकी असेल तर तहान आहे. पोटभर पाणी द्या, एक-दोन दिवसांत पानं भरतात. जड असेल आणि तरीही पानं सुरकुतली असतील तर मुळं गेली आहेत. मुळं नसल्याने वेल पाण्यात बसूनही तहानलेला आहे. इथे लोक घाबरून आणखी पाणी घालतात आणि उरलीसुरली मुळंही जातात.

वर्षातून एखादं-दुसरं जुनं, खालचं पान पिवळं होऊन गळणं साधं आहे. एका आठवड्यात पाच-सहा पिवळी पडली तर काडी घालून तळ तपासा.

बोअरचं पाणी चालेल का? आरओचं, एसीचं?

बोअरचं पाणी जड असेल तर कुंडीच्या काठावर आणि पानांच्या टोकांना पांढरा थर दिसायला लागतो. तेच चालवायचं असेल तर महिन्यातून एकदा कुंडीच्या आकाराच्या दुप्पट-तिप्पट पाणी वरून सोडून क्षार धुऊन काढा. पालिकेचं पाणी रात्रभर उघड्या बादलीत ठेवून द्या. पावसाचं पाणी साठवता आलं तर त्यासारखं दुसरं नाही. मी पावसाळ्यात झाकणाच्या दोन ड्रममध्ये भरून ठेवतो, ते दिवाळीपर्यंत पुरतं.

आरओ यंत्रातून बाहेर टाकलं जाणारं पाणी झाडांना घालू नका, त्यात क्षार आणखी घट्ट झालेले असतात. फरशीला वापरा. एसीच्या नळीचं पाणी चालतं, क्षार जवळजवळ नसतात. फक्त गार असेल तर थांबून घाला.

दूध-साखरेच्या चहाचा चोथा, ताक, तांदळाचं धुवण हे सगळं अंगणातल्या मातीत पचतं. लोंबत्या कुंडीतल्या सोडणांत पचत नाही. बुरशी येते, मुंग्या येतात, त्यांच्या पाठोपाठ पिठ्या ढेकूण येतो. खत द्यायचंच असेल तर मार्च ते मे आणि ऑक्टोबरमध्ये, डब्यावर लिहिलंय त्याच्या निम्म्या ताकदीचं, आणि आधी साधं पाणी घालून मगच.

पानांवर रोज फवारा मारला तर?

मारलेल्या पाण्याने हवा पाच मिनिटं दमट राहते, आणि जड पाणी असेल तर डाग कायमचे राहतात. त्यापेक्षा पंधरा दिवसांनी ओल्या मऊ फडक्याने पानं पुसा. पुसताना पानाच्या बेचक्यात कापसासारखं पांढरं काही दिसतंय का तेही बघता येतं. पावसाळ्यात फवारा अजिबात नको.

कुंडी आणि माती कशी असेल तर पाणी चुकत नाही?

बागेतली काळी माती नको, हे पहिलं. मी नारळाच्या सोडणाचे सुपारीएवढे तुकडे चार वाट्या, कोकोपीट एक वाटी, लाकडी कोळशाचे तुकडे एक वाटी, विटेचे बारीक तुकडे एक वाटी आणि गांडूळ खत एक वाटी असं घालतो. मूठ दाबून सोडली की गोळा सुटला पाहिजे.

कुंडी लहानच ठेवा. होयाला मुळं आवळलेली आवडतात. "वाढेल आता" म्हणून 4 इंची कुंडीतला वेल 10 इंचीत लावला तर मुळं जिथे पोहोचलेलीच नाहीत तिथलं पाणी महिनाभर तसंच राहतं. पाणी जास्त घालायची सवय असेल तर मातीची कुंडी घ्या, विसरायची सवय असेल तर प्लॅस्टिकची.

सगळ्या होयांना सारखंच पाणी?

नाही. पान जाड, तहान कमी. बदामाच्या आकाराच्या पानाचा होया केरी सगळ्यात कमी पितो. फेब्रुवारीत भेट म्हणून याचं एकच पान कुंडीत खोचून विकतात. त्या पानाला देठाबरोबर पेर आलेलं नसेल तर ते वर्षानुवर्षं हिरवं राहील, पण त्याचा वेल कधीच होणार नाही. त्याला महिन्यातून एकदा चार चमचे पाणी पुरतं.

दोरीसारखा पिळलेला होया कॉम्पॅक्टा पाण्याच्या बाबतीत कार्नोसासारखाच. फक्त पाणी वरून ओतू नका, पिळांत साठून राहतं. होया बेला आणि हिमालयाकडचा, सुईसारख्या मऊ पानांचा होया लिनियारिस यांची पानं पातळ असतात, साठा नसतो. त्यांना पूर्ण वाळू देऊ नका. लिनियारिस पुण्याच्या मेमध्ये सांभाळणं कठीण आहे. पहिला होया म्हणून घेऊ नका.

मे महिन्यात पंधरा दिवस गावाला जातोय.

निघायच्या दिवशी पोटभर पाणी द्या, निथळू द्या आणि कुंडी आतल्या उजेडाच्या खोलीत, उन्हापासून दूर ठेवून जा. उजेड कमी म्हणजे तहानही कमी. परत आल्यावर पानं थोडी मऊ झालेली असतील, एका पाण्यात सावरतात. शेजाऱ्यांना किल्ली देणार असाल तर "रोज बघा" म्हणू नका, "दहाव्या दिवशी एकदा, दोन तांबे" असं नेमकं सांगा. प्रेमाने रोज घातलेलं पाणी मी दोनदा पाहिलं आहे. गणपतीला दहा दिवस कोकणात जात असाल तर काहीच करू नका.

आम्ही न्यू जर्सीत असतो. इथे थंडीत हीटरने हवा कोरडी होते, तेव्हा पाणी जास्त द्यायचं का?

हवा कोरडी असली तरी डिसेंबरमधला उजेड तुमच्याकडे फार कमी आणि दिवस लहान, म्हणून वेल वाढत नसतो. दोन-तीन आठवड्यांनी एकदा, कोमट पाणी. हीटरच्या थेट वर टांगू नका आणि पान खिडकीच्या गार काचेला टेकू देऊ नका. तुमच्याकडे पाणी वाढवायचे दिवस एप्रिल ते सप्टेंबर, म्हणजे आमच्या जवळजवळ उलट.

मुळं सडली. आता काही करता येईल का?

येईल, वर हिरवी पेरं शिल्लक असतील तोवर. वेल कापत वर जा. कापलेल्या जागी आत तपकिरी वर्तुळ दिसलं तर आणखी वर कापा, स्वच्छ हिरवं-पांढरं लागेपर्यंत. दोन-तीन पेरांचे तुकडे करा. चीक गळेल, तो डोळ्यांना लागू देऊ नका. तुकडे सावलीत दिवसभर तसेच ठेवा म्हणजे जखम सुकते.

मग एका काचेच्या पेल्यात खालचं एकच पेर बुडेल इतकं पाणी घ्या, पानं वर राहू द्या, पेला उजेडात पण उन्हाबाहेर ठेवा. पाणी चार दिवसांनी बदला. पंधरा-वीस दिवसांत पेराजवळ पांढरे ठिपके उठतात, तीच मुळं. भर पावसाळ्यात वेळ थोडा जास्त लागतो. मुळं दोन इंच झाली की 3 इंची कुंडीत, वर सांगितलेल्या मिश्रणात लावा. पहिले दहा दिवस मिश्रण किंचित ओलसर ठेवा, कारण पाण्यात वाढलेल्या मुळांना कोरडं सोसत नाही. शेंड्याला नवं पान फुटलं, बोटाला जाड लागायला लागलं, की घडी घालून बघायची सवय पुन्हा सुरू करा.